अर्धी सांगितलेली नसबंदी

लग्नाच्या पंगतीत मी जाऊन बसलो की शेजारचा माणूस मांडी जरा आवळून घ्यायचा. केज तालुक्यातल्या कुठल्याही गावात मला हा अनुभव हमखास यायचा. आरोग्य सेवक म्हणून मी एकतीस वर्षं नोकरी केली. हिवतापासाठी लोकांच्या बोटांना सुया टोचल्या, विहिरीत पावडर टाकली, पोलिओचे डोस घेऊन भर उन्हात वाड्या-तांडे पालथे घातले. पण लोकांनी ओळख धरली ती एकाच कामावरून. ‘नसबंदीवाले शेखसाब.’ मला पाहून बायका पदर सावरायच्या आणि पुरुष धोतर.

मी बीडचा. अब्बांचा फळांचा गाडा होता. पोरगा सरकारी नोकरीला लागला याचं त्यांना भारी कौतुक, पण नेमकं काय करतो असं कुणी विचारलं की ‘मलेरिया में है’ म्हणून मोकळे व्हायचे. ते खोटं नव्हतं आणि पुरतं खरंही नव्हतं. नसबंदीला माणूस तयार करायचा, शिबिराच्या दिवशी त्याला घेऊन यायचं, टेबलाशी उभं राहायचं आणि नंतर त्याच्या घरी जाऊन तब्येत बघायची, हे माझं काम. शस्त्रक्रियेचे डॉक्टर जिल्ह्याहून यायचे आणि पंधरा मिनिटांत एक माणूस मोकळा करायचे. त्या पंधरा मिनिटांसाठी मी त्या माणसाच्या ओसरीवर कधीकधी सहा-सहा महिने चहा पीत बसलेलो असायचो.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. दुखतं का?

दुखतं ते इंजेक्शन, आणि तेही एकदाच. खाली पिशवीच्या कातडीत मधोमध बधिर करायची सुई देतात. त्यानंतर ब्लेड नाही की टाका नाही. टोकदार चिमट्यानं ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडतात, बीज वाहून नेणारी बारीक नळी त्यातून बाहेर घेतात, तिचा छोटा तुकडा काढून तोंडं बांधतात आणि पुन्हा आत सोडतात. दुसऱ्या बाजूची नळीही त्याच भोकातून. नळी ओढताना ओटीपोटात एक कळ येते. ती मी आधीच सांगून ठेवायचो, कारण न सांगितलेली कळ दुप्पट लागते. मग पट्टी, घट्ट लंगोट, अर्धा तास आराम, चहा-बिस्कीट आणि आपल्या पायांनी घरी. दोन दिवस लोळायचं, आठवडाभर ओझं उचलायचं नाही, गाडीवर बसायचं नाही. थोडी सूज आली, थोडं काळं-निळं झालं तर घाबरायचं नाही. ताप आला, पू झाला किंवा सूज वाढत गेली तर मात्र तडक यायचं.

दुसरा प्रश्न आवाज खाली करून यायचा. ताकद जाते का? नाही जात. नांदूरघाटच्या बाजूचा एक पैलवान माझ्याकडं आला होता. सुई बघूनच तो आडवा झाला आणि त्याला टेबलावर चढवायला आम्ही चार जण लागलो. पुढच्या जत्रेत त्यानं कुस्ती मारली आणि फेटा बांधलेल्या डोक्यानं थेट केंद्रावर येऊन मला म्हणाला, “बघा शेखसाब, हाय का न्हाई जागच्या जागी?” कुस्तीबद्दल बोलतोय की आणखी कशाबद्दल, हे मी विचारलं नाही. अंगात काही बदलत नाही. यायचं ते तसंच येतं, त्यात बीज तेवढं नसतं.

ऐकायचं सगळं आणि करायचं आपल्या मनाचं, असेही निघायचे. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी गेवराई तालुक्यात काढली. चकलांब्याचा एक शेतकरी ऑपरेशन झाल्यावर चहा पिऊन जो उठला, तो फटफटीला किक मारून गावाकडं गेला. त्या वेळी फटफटीला किकच असायची. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं मला घरी बोलावलं. गडी खाटेवर फाकून पडलेला आणि सूज अशी की भरताच्या वांग्याची आठवण व्हावी. आठ दिवसांत उतरली, पण ते आठ दिवस गावभर मीच शिव्या खाल्ल्या.

तिसरा प्रश्न मात्र मला आवडायचा नाही. “तुमची झाली का, शेखसाब?”

झाली नव्हती. आमच्या तिसऱ्या मुलानंतर माझी बायको फरजाना हिनं आपलं ऑपरेशन करून घेतलं आणि मी बाहेर बाकावर हातात थर्मास धरून बसलो होतो. कारण देताना रजा नाही म्हणालो. खरं कारण भीती. गावोगाव पुरुषांना समजावणारा मी स्वतः घाबरलो आणि जिचं पोट फाडावं लागणार होतं तिला पुढं केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पहिली काही वर्षं मी या प्रश्नाला खोटं ‘हो’ म्हणत होतो. पुढं खरं सांगायला लागलो तर लोक जास्त ऐकायला लागले. माझ्याकडं बघून ते म्हणायचे, म्हणजे घाबरलेला माणूसही वाईट नसतो.

चौथी गोष्ट कुणीच विचारत नसे आणि खरी महत्त्वाची तीच. ऑपरेशन झालं म्हणजे लगेच मोकळीक नाही. तीन महिने जायला हवेत आणि त्या तीन महिन्यांत निदान वीस वेळा तरी नळी रिकामी व्हायला हवी. तोवर निरोध वापरायचा. मग तपासणी करायची, बीज दिसलं नाही की झालं. हे लोकांच्या गळी उतरवायला मला फार जड जायचं. ते सोपं करून दिलं गेवराईच्या रऊफ मिस्त्रीनं. हा मोटारसायकली दुरुस्त करायचा. मी दहा मिनिटं समजावल्यावर तो पान थुंकून म्हणाला, “इतकं कायको बोलायले? पेट्रोलचा कॉक बंद केला तरी कार्बोरेटरमधी उरलेल्या तेलावर गाडी कोसभर जातीच की.” त्या दिवसापासून मी सगळीकडं हेच सांगत आलो. मुसलमानाच्या तोंडून नसबंदीची गोष्ट ऐकून ज्यांना आधी गंमत वाटायची, तेही मिस्त्रीचं उदाहरण ऐकलं की मान हलवायचे.

इतकं चांगलं उदाहरण हाताशी असून ज्या माणसाला ते सांगायची सगळ्यात जास्त गरज होती, त्याला मी ते सांगितलं नाही. त्याची ही गोष्ट.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. दसरा झाला आणि ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांची बांधाबांध सुरू झाली. एका सकाळी भागवत केंद्रावर आला. आमच्याच हद्दीतल्या वस्तीवरचा, तिशीचा, काळा-सावळा, काटक गडी. नसबंदीसाठी माणूस आपण होऊन चालत येणं ही माझ्या नोकरीत दुर्मीळ गोष्ट. मी त्याला खुर्ची दिली तरी तो बसेना.

“साहेब, मपलं करून टाका,” तो म्हणाला. मपलं म्हणजे माझं.

त्याच्या बायकोला, कुसुमला, तिसऱ्या बाळंतपणात दम लागला होता. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेल्यावर कळलं की तिच्या काळजाची एक झडप लहानपणापासून खराब आहे. तिथल्या डॉक्टरांनी भागवतला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. पुढचं बाळंतपण आलं तर बाई वाचेल याची खात्री नाही. तिचं ऑपरेशन करायचं तर भूल देण्यातही धोका. तुझंच करून घे.

“पन मायला कळू देऊ नका,” तो म्हणाला.

“कावून रे?”

“ती म्हनती, बाप्यानं केलं की कंबर जाती. कुसुमच्यानं आता ऊस तोडणं व्हायचं न्हाई. यंदा कोयत्याला मपल्या जोडीला मायच हाय. तिला कळलं तर मला हितं पाऊल टाकू द्यायची न्हाई.”

बाहेरच्यांसाठी सांगतो. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. दोन माणसांची जोडी, बहुतेक नवरा-बायको, मिळून एक कोयता धरला जातो. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, दोघांनी वाहायच्या. गयाबाई, म्हणजे भागवतची आई, पंचावन्नच्या पुढं गेलेली असताना सुनेच्या जागी उभी राहणार होती. तिला लेकाच्या कंबरेची काळजी वाटणं साहजिक होतं. पण मी तिला भेटायला गेलो नाही. सासू म्हणजे आडवी येणारी, हा हिशेब माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत पक्का झालेला. भागवतनं आईला सांगितलं की अंतर्गळाचं ऑपरेशन आहे. मीही मान डोलावली.

ऑपरेशन उत्तम झालं. टेबलावर त्यानं माझा हात असा धरला की बोटं पांढरी पडली, त्याचीही आणि माझीही. कळ आली तेव्हा दात आवळले. डॉक्टरांनी “झालं” म्हटल्यावर तो खरंच वाटेना म्हणून मान उचलून खाली बघायला लागला.

“एवढंच?” तो मला म्हणाला. “आन् एवढ्यासाठी बाया प्वाट फाडून घेत्यात व्हय बे?” मग जीभ चावली. “तुमाला न्हाई म्हनलो, साहेब.”

मला म्हणाला असता तरी चाललं असतं.

अर्ध्या तासानं मी त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून सूचना द्यायला लागलो. लंगोट, ओझं, गाडी, सगळं झालं. खिशात निरोधची पाकिटं होती. “आता मन लावून ऐक,” मी म्हणालो, “तीन महिने सांभाळून राहायचं...” आणि समोरून फडक्यात भाकरी बांधून गयाबाई आली.

“कसलं सांभाळून, साहेब?” तिनं विचारलं.

खिशाकडं गेलेला माझा हात तसाच परत आला. पुढचं ‘वीस वेळा’, ‘नळी रिकामी’, रऊफ मिस्त्रीचं पेट्रोल, सगळं मी गिळलं. म्हातारी समोर उभी, तिला अंतर्गळ सांगितलेला. “तीन महिने जपायचं,” मी म्हणालो. “तीन महिने झाले की तपासणीला यायचं. बस.”

“म्या जपते की,” गयाबाई म्हणाली आणि भाकरी सोडायला लागली.

मी ठरवलं, उद्या एकट्याला गाठून उरलेलं सांगू. दुसऱ्या दिवशी मला बैठकीला जावं लागलं. त्यानंतर पोलिओची फेरी लागली. आठवडा भरला आणि टोळी ट्रॅक्टरमध्ये बसून कडा गावाच्या पलीकडं, नगरच्या हद्दीला निघून गेली. फोन लावला तर कधी बंद, कधी रेंज नाही. दोन-तीनदा लावून मी थांबलो. नोंदवहीत ‘समजावून सांगितले’ या रकान्यात मी बरोबरची खूण आधीच करून ठेवली होती.

जानेवारीत तीन महिने भरले तेव्हा एकदाचा फोन लागला. तपासणीला ये म्हणालो. कारखाना जोरात चालू, मुकादम सोडेना. तो आला तो फेब्रुवारीच्या मध्यावर. रात्रीच्या एसटीनं निघून सकाळी सातलाच माझ्यासमोर उभा राहिला, दाढी वाढलेली, तळहात चिरलेले, पण चेहरा खुश. मी त्याला तालुक्याला तपासणीसाठी घेऊन गेलो. तिथं हातात प्लास्टिकची डबी देतात आणि एका खोलीकडं बोट दाखवतात. ऑपरेशनला न घाबरलेले गडी त्या डबीला घाबरून पळून जाताना मी पाहिलेत. भागवत गेला, वेळ लावला, पण काम करून आला.

तासाभरानं आमच्या डॉक्टर मॅडमनी मला एकट्याला आत बोलावलं. “शेखजी, याच्यात बीज दिसतंय. बरंचसं मेलेलं आहे, पण थोडं हलतंय. यानं काय काळजी घेतली होती?”

मी बाहेर आलो. भागवत लिंबाखाली बसून उसाचं कांडं सोलत होता. मी विचारलं.

“साहेब, तुमचा सबूद खाली पडू दिला न्हाई,” तो छाती फुगवून म्हणाला. “तीन महिने हात लावला न्हाई बायकूला. मायबी लई कडक. आवघड जाग्याचं आपरेशन हाय म्हनून कोपीत ती मधी झोपायची. हिकडं मी, तिकडं कुसुम आन् लेकरं, मधी माय.”

ऊसतोड कामगारांची पाचटाची झोपडी म्हणजे कोपी. तिच्यात एवढीच जागा असते. म्हातारीनं ‘जपते’ म्हटलं होतं, ते तिनं अक्षरशः केलं होतं. आणि कॉक बंद करून गाडी तीन महिने जागेवर उभी ठेवली होती. तेल कसं संपणार?

“आणि तीन महिने झाल्यावर?” मी विचारलं.

तो लाजला. “संक्रांत झाली. मग म्हनलं, आता सुटलो.”

“निरोध?”

“त्यो कशाला? आपरेशन झालंय की.”

मी त्याच्याजवळ खाली बसलो. “कुसुमची पाळी?”

त्यानं कांडं खाली ठेवलं. माझा चेहरा बघून त्याचाही उतरला. “धा-बारा दिस वर गेलेत. अशक्तपणा हाय म्हनली.”

मॅडमना सांगितलं. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. शक्यता कमी आहे, त्या म्हणाल्या, पण या बाईच्या बाबतीत कमी म्हणून सोडून देता येत नाही. दिवस गेले असतील तर आजच कळलेलं बरं, लवकर कळलं तर मोठ्या दवाखान्यात काही करता तरी येईल. त्यांनी मला लघवी तपासायच्या दोन पट्ट्या दिल्या. मी रजेचा अर्ज टेबलावर टाकला आणि भागवतबरोबर एसटीत बसलो.

बीडला गाडी बदलली. कड्यापर्यंतच्या त्या सगळ्या वाटेत मी त्याला एवढंच सांगितलं की चूक तुझी नाही, माझी आहे, मी तुला अर्धंच सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “चूक कुनाचीबी असू द्या, साहेब. तीन लेकरं हायती तिला.” माझ्या मनात दुआ चालू होती.

दुपारी दोनच्या सुमाराला फडावर पोचलो. गयाबाई नुकतीच ऊस टाकून जेवायला आलेली. कुसुम चुलीपुढं होती, धाकटं मांडीवर. बारीक अंगाची, ओठ फिके, पण डोळे हसरे. मला बघून तिनं पदर घेतला आणि चहाचं पातेलं ओढलं. मी नको म्हणालो, तर गयाबाईनं माझ्याकडं नीट पाहिलं.

“साहेब एवढ्या लांब कावून आले, भागवत?”

भागवत खाली बघायला लागला. म्हणजे सांगायचं मलाच होतं. या वेळी मी काही गिळलं नाही. अंतर्गळ खोटा, नसबंदी खरी. कुसुमची झडप, अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते, तीन महिने आणि वीस वेळा, आणि तुम्ही मध्ये झोपलात म्हणून ते झालं नाही, हेही. भर दुपारी, सुनेसमोर, लेकासमोर. बोलताना माझे कान तापले होते, पण बोललो.

म्हातारीनं हातातली भाकरी खाली ठेवली. मला वाटलं, आता विळा उचलते.

“मला आधी कावून न्हाई सांगितलं?” ती म्हणाली. “म्या काय वैरीण हाय व्हय तिची?”

“तुम्ही म्हणत होता ना, बाप्याची ताकद जाते...”

“म्हनत होते. आडानी हाय, म्हननारच. पन साहेब, मपली थोरली लेक चवथ्या खेपंला असल्याच कोपीत गेली. हिकडं भागवत ल्हान होता. गाडी यीस्तोर गेली.” तिचा आवाज चढला नाही. “ताकद गेली असती तर गेली असती. म्या दोन मोळ्या जास्त उचलल्या असत्या. मला इचारलं असतं तर म्याच हाताला धरून आनला असता त्याला तुमच्याकडं.”

ज्या बाईला चुकवण्यासाठी आम्ही सगळं नाटक केलं, तीच बाई आमच्या बाजूची निघाली. तिच्या दारात दहा मिनिटं बसलो असतो तर हे सगळं टळलं असतं. सासवांबद्दलचं माझं इतक्या वर्षांचं शहाणपण त्या कोपीपुढं मातीला मिळालं.

गयाबाईनंच पट्टी माझ्या हातातून घेतली. “काय करायचं सांगा.” मी सांगितलं. एक रेघ आली तर काही नाही, दोन आल्या तर दिवस गेलेत. ती कुसुमला घेऊन उसाच्या आडोशाला गेली. भागवत लेकराला कडेवर घेऊन माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. पाच मिनिटं म्हणजे किती असतात ते मला त्या दिवशी कळलं.

दोघी परत आल्या. म्हातारीनं पट्टी माझ्यापुढं धरली. “एक हाय का दोन, मला दिसंना. तुमीच बघा.”

मी चष्मा लावला. मला कधी एक रेघ दिसे, कधी दोन. भागवत वळेना. शेवटी कुसुमनं ती माझ्या हातातून काढून घेतली, उन्हात धरली आणि शांतपणे बघितली. ती सातवी शिकलेली होती.

“एकच हाय,” ती म्हणाली. “आत्याबाई, एकच हाय.”

गयाबाईनं कुसुमच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. भागवतनं लेकराचा मुका घेतला, मग दुसऱ्या लेकराला उचलून त्याचा घेतला. मी पट्टी परत घेऊन पाहिली. एकच होती, स्वच्छ. मग मात्र मी चहा मागून घेतला आणि दोन कप प्यायलो.

तरीही धोका पूर्ण टळला नव्हता. मॅडमनी बजावलं होतं की दिवस अगदी कोवळे असतील तर पट्टी चुकू शकते. आठ दिवसांत पाळी आली नाही तर दुसरी पट्टी वापरायची आणि कुसुमला घेऊन यायचं. ती पट्टी मी गयाबाईकडं दिली. निरोधची पाकिटंही सगळ्यांसमोर भागवतच्या हातात ठेवली, रऊफ मिस्त्रीच्या गाडीसकट नीट समजावून सांगितलं, त्याच्याकडून परत म्हणून घेतलं आणि मगच उठलो.

पुढं एप्रिलात टोळी परत आली, भागवतची तपासणी झाली आणि त्यात बीजाचा एक कणही सापडला नाही. त्या दिवशी मी निवांत होतो. पण फडावरून आल्यावरचा तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. फरजानानं विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “दूसरों की बीवी के लिए इतना डरते हो?” मी तिला म्हणालो, तुझ्या वेळीही असंच घाबरायला हवं होतं. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

सातव्या दिवशी सकाळी मी केंद्रावर हिवतापाच्या रक्ताच्या काचपट्ट्या मोजत होतो. फोन वाजला. भागवतचा नंबर, पण आवाज गयाबाईचा. फोनवर बोलायची सवय नसल्यामुळं ती फडावरून थेट मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं ओरडत होती.

“शेखसाब! सून बाजूला बसली हाय! पहाटंच बसली!”

मी खुर्चीत मागं रेललो. डोळ्यांतून पाणी आलं, पुसावंसं वाटलं नाही. समोरच्या बाकावर बसलेले पेशंट माझ्याकडं बघत होते. “बरं झालं, गयाबाई,” मी कसाबसा म्हणालो. “लई बरं झालं. तिला जपा.”

“जपते की. पन आता मधी न्हाई झोपत. शेजारनीच्या कोपीत जाते,” ती ओरडली. बाकावरचे सगळे हे ऐकत होते. “आन् ऐका, साहेब. ती पाकिटं कमी पडतेली. पोरगं लाजायलंय तुमाला सांगाया, म्हनून म्याच फोन केला. येनाऱ्या गाडीवर धाडून द्या, जास्तीची धाडा.”